१ जानेवारी १९८०, रात्रीचे बारा

शनिवार, रात्री

बाबांचा जुना ३८६ कॉम्प्युटर आज माळ्यावरून खाली उतरवला. बरेच दिवस मनात होतं. कव्हरचे स्क्रू काढून टॉर्च मारला आणि पोटात गोळा आला. कीबोर्डच्या सॉकेटशेजारी निळ्या वेष्टनातला पिंपासारखा सेल होता आणि त्याच्या दोन्ही टोकांना हिरवट-निळी साय धरली होती. आजूबाजूचं मदरबोर्डवरचं हिरवं लाखेचं आवरण काळपट पडून सोलत होतं.

हा सेल ३.६ व्होल्टचा, म्हणजे १.२ व्होल्टचे तीन निकेल-कॅडमियम सेल एका वेष्टनात. कॉम्प्युटर चालू असताना तो चार्ज होतो आणि बंद असताना घड्याळ चालवतो. वर्षानुवर्षं बंद पडून राहिला की पूर्ण उतरतो आणि फुटतो. आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि बोर्डावरच्या तांब्याच्या ट्रॅकवरून, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या बारीक रेघांवरून, सरपटत पुढे जातं. जुन्या मशीनवर ज्यांचा जीव आहे त्यांना कळकळीने सांगते, मशीन वापरात असो वा नसो, हा सेल आजच कापून काढा. बाकीचे बरेच भाग तीस-पस्तीस वर्षं टिकतात, आणि बोर्ड खाऊन टाकतो तो बहुतेक वेळा हाच.

हातमोजे घालून सेल कापला. अल्कली आहे म्हणून आधी व्हिनेगर. कापसाच्या काडीने लावताच बारीक फेस आला. तो थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा लावलं, मग पाण्याने पुसलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. बोर्ड रात्रभर वाळत ठेवला आहे.

रविवार

सकाळभर मल्टिमीटर हातात. साय धरलेल्या भागातला एकेक ट्रॅक तपासत गेले. ट्रॅक सलग असेल तर मल्टिमीटर बीप वाजवतो. दोन ठिकाणी बीप वाजेना. भिंगातून पाहिलं तर केसाएवढा ट्रॅक मधेच संपला होता, जागेवर फक्त काळी रेघ. यातला एक कीबोर्डकडे जाणारा. तो तसाच राहिला असता तर मशीन सुरू होऊनही एक अक्षर टाइप झालं नसतं. दोन्ही टोकांची लाख पात्याने हळूच खरवडली, तांबं चमकायला लागल्यावर फ्लक्स लावला आणि इनॅमल वायरचा तुकडा सोल्डर केला. पहिल्यांदा हात थरथरला, डाख सुटला. दुसऱ्यांदा बसला. बीप वाजली तेव्हा आपोआप मोठा श्वास बाहेर पडला.

नव्या सेलसाठी सीआर २०३२ घेतला, तीन व्होल्टचा. पण हा थेट जोडायचा नाही. मदरबोर्ड समजतो की समोर अजून निकेल-कॅडमियमच आहे आणि त्यात करंट ढकलतो. लिथियमचा साधा सेल चार्ज करायला गेलं तर तो फुगतो, फुटूही शकतो. म्हणून मधे डायोड, म्हणजे करंट सेलमधून बाहेर जाईल, आत येणार नाही. मी बीएटी ८५ लावला. तो शॉटकी जातीचा आहे. साध्या सिलिकॉन डायोडवर जास्त व्होल्टेज पडतं आणि तीन व्होल्टमध्ये तेवढी चैन परवडत नाही. सेल होल्डरमध्ये बसवून वायरने बोर्डापासून लांब, कॅबिनेटच्या भिंतीला चिकटवला. उद्या तोही गळला तरी बोर्ड वाचेल.

होल्डर चिकटवताना बाबांची चिठ्ठी दिसली. आतल्या बाजूला, सेलोटेपखाली, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात: टाइप १७. ९७७, ५, १७. हार्ड डिस्कची मापं: सिलिंडर, हेड आणि सेक्टर. दर सेक्टरला ५१२ बाइट धरून गुणून पाहिलं तर चाळीस एमबीची डिस्क. म्हणजे सेल त्यांच्या काळातच मेला होता! डिस्कचा हा हिशेब घड्याळाच्याच इवल्याशा मेमरीत राहतो. १९८४ साली आयबीएमच्या एटी या कॉम्प्युटरमध्ये मोटोरोलाची एमसी १४६८१८ ही घड्याळाची चिप आली, तिच्यात एकूण ६४ बाइट. त्यातले १४ घड्याळाचे आणि त्याच्या नियंत्रणाचे, उरलेले ५० बाकीच्या नोंदींना. पुढच्या मशीननी तीच रीत उचलली. सेल गेला की वेळही जाते आणि आपल्याला डिस्क आहे हेही मशीन विसरतं. बाबा दर वेळी चालू करताना हे आकडे भरत असणार.

मीही भरले. डिस्क कुरकुरत फिरली, आणि चालली.

रविवार, उशिरा

झोप येत नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबांच्या फोल्डरमध्ये डीआयआर ही फायलींची यादी दाखवणारी कमांड दिली. १९९६च्या ऑक्टोबरपर्यंत सगळ्या फायलींना नीट तारखा. त्यानंतर एकतीस फायली, सगळ्यांवर एकच तारीख: ०१-०१-८०. डॉस, म्हणजे या मशीनची ऑपरेटिंग सिस्टीम, तिचं कॅलेंडर तिथूनच सुरू होतं. डिस्कचे आकडे दिल्याशिवाय मशीन पुढे सरकत नव्हतं म्हणून बाबांनी ते दिले. तारखेसाठी ते अडून बसत नव्हतं, ती राहून गेली. कुठलं पत्र कोणत्या महिन्यातलं, सांगायला कोणी नाही.

मग वेळेच्या रकान्याकडे लक्ष गेलं. १२:०९. १२:४३. २:१७. सगळ्यांपुढे पहाटेचा ए. बाबा रात्री कधी कॉम्प्युटरवर बसत नसत. जरा वेळाने उलगडा झाला. सेल मेलेलं घड्याळ दर वेळी मध्यरात्रीपासून चालू होतं, म्हणजे १२:४३ याचा अर्थ चालू केल्यापासून त्रेचाळीस मिनिटं. तारीख हरवली, पण ते किती वेळ बसून होते हे प्रत्येक फायलीवर लिहिलेलं आहे.

२:१७ची फाइल उघडली. मी हॉस्टेलवर होते तेव्हा मला लिहिलेलं पत्र. आमचं भांडण झालं होतं त्यानंतरचं. ते मला टपालाने आलं होतं, आठवतं. सात ओळी. तेव्हा मला वाटलं होतं, बाबांनी घाईत उरकलं.

मंगळवार

दोन दिवसांत घड्याळ तीन सेकंद मागे पडलं, तेही बहुतेक वेळ मशीन बंद असताना. उत्तम आहे. आतला क्वार्ट्ज सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, तोच एक सेकंद. क्वार्ट्जमध्ये दशलक्षात वीसचा फरक धरला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात, त्यामुळे तक्रार नाही.

एकतीस फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या. कॉपी करताना डॉस मूळ तारीख-वेळ जपतो, हे आधी एका फाइलीवर पडताळून मगच बाकीच्यांना हात लावला. डीआयआर क्रमवारी न लावता दिलं की फायली फोल्डरमध्ये ज्या जागी नोंदल्या गेल्या त्याच ओळीने दिसतात. मधे काही पुसलं असेल तर नवी फाइल त्या रिकाम्या जागी शिरते, तरी साधारण आधी-नंतर कळतं. तो क्रम वहीत उतरवून ठेवला. ०१-०१-८० कुठेच बदललं नाही.

कव्हर लावण्याआधी बाबांच्या चिठ्ठीखाली माझ्या अक्षरात एक ओळ घातली: सेल बदलला, सीआर २०३२, डायोडसह. आणि पुढे आजची तारीख.