पाण्याचे तांबे

गुरुवार, रात्री साडेअकरा

आज लेकीला पुन्हा नाही म्हटलं. तिच्या मैत्रिणीचा वाढदिवस, सगळ्याजणी रात्री तिथेच झोपणार होत्या. "का नाही?" म्हणाली. "तुला सर्दी झालीय." तिला सर्दीबिर्दी काही नाही.

ती आठ वर्षांची झाली. मीही तेव्हा आठचीच होते. मे महिन्याची सुट्टी, आजोळचं घर, आणि ज्याला सगळे दादा म्हणायचे तो. आईला सांगितलं तर म्हणाली, "कुणाजवळ बोलू नकोस." माझ्या लग्नात त्याच दादाच्या पाया पडायला लावलं तिने. पडले.

समुपदेशक ताई म्हणतात, आपलं मूल त्या वयाला पोचलं की जुनं वर येतं, बऱ्याच जणींचं असं होतं. माझं तर बाळंतपणातच सुरू झालं होतं. लंगोट बदलताना हात थांबायचे. अंगावर पाजताना भिंतीकडे बघत बसायचे. मालिशवाल्या बाईंच्या हातांवरून नजर हटत नसे, तर त्या हसून म्हणायच्या, "पहिलटकरीण ना!"

सगळ्यात लाज वाटते ती नवऱ्याची. तो लेकीला आंघोळ घालायचा आणि मी दाराबाहेर उभी राहून पाण्याचे तांबे मोजायचे. सात झाले, आठ झाले, अजून का बाहेर येत नाहीत? त्या बिचाऱ्याला काही माहीतच नव्हतं. गेल्या वर्षी सांगितलं, तर बराच वेळ गप्प बसला. दुसऱ्या दिवसापासून न्हाणीघराचं दार सताड उघडं. त्यावर एक शब्द बोलला नाही. (त्याचं हे मला फार आवडलं, पण अजून सांगितलेलं नाही.)

केंद्र सरकारचा २००७ सालचा अहवाल मध्यंतरी वाचला. १२,४४७ मुलांशी बोलले होते, त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ सांगितला. करणारे निम्मे ओळखीचेच. ते कळायला मला अहवाल नको होता. मला भीती वेगळीच होती: जिच्यावर असं झालं तीही पुढे तशीच वागते म्हणतात. ताईंनी ते साफ खोडून काढलं, बहुतेकजणी तसं कधीच करत नाहीत म्हणाल्या. मी मात्र त्या धास्तीने लेकीला कित्येक दिवस नीट कुशीतही घेतलं नव्हतं.

झोपताना ती म्हणाली, "बाई सांगतात, कुणी नको तिथे हात लावला की आईला सांगायचं. तू तुझ्या आईला सगळं सांगायचीस?"

"सांगायचे."

"मग ती काय करायची?"

मी गॅसवरचं दूध बघायला उठले. दूध तर मघाशीच उतरवलं होतं.