तुम्ही विचारलंत म्हणून: लोकांच्या जाहिरातींना हसता कशाला?

मंगरुळपीर, कारंजा, दारव्हा या पट्ट्यात आम्ही नाणी जमवणारे चारदोन टाळकी आहोत. एक शाळामास्तर, एक एसटीतला कंडक्टर, मी कृषी केंद्रवाला. रात्री जेवणं झाली की ऑनलाइन लिलावातल्या जाहिराती एकमेकांना पाठवायच्या आणि हसायचं, हा ठरलेला कार्यक्रम. दुकानात खत न्यायला आलेलं गिऱ्हाईकही मग विचारतं, "काऊन हासता भाऊ? त्यानं त्याचं इकलं, तुमचं काय गेलं?"

आमचं काही गेलं नाही. पण एक नमुना ऐका. "ताजमहालवाला सिक्का, सन १३२९, अल्ट्रा रेअर, दोन लाख, कुरिअरचे चाळीस रुपये वेगळे." फोटोत निजामाचं चारमिनारचं नाणं. आमच्याकडून मराठवाडा जवळ, त्यामुळे ही नाणी इकडे पुष्कळ निघतात. आता चारमिनार बांधला १५९१ साली आणि ताजमहाल त्याच्याही नंतर. १३२९ साली दिल्लीच्या गादीवर होता मुहम्मद तुघलक. नाण्यावरचं साल हिजरी आहे, म्हणजे आपलं १९११, मीर उस्मान अली खान गादीवर आला ते वर्ष. चारमिनारच्या दारात फारसी लिपीतलं बारीक 'ऐन' अक्षर दिसतं, ते उस्मानचं. बापाच्या, महबूब अलीच्या नाण्यावर तिथे 'मीम' असतं. हे सगळं मास्तरांनी त्या रात्री समजावून सांगितलं. त्यावर कंडक्टर म्हणाला, "तुघलकानं चारमिनार पाह्यला असता त राजधानी देवगिरीले कायले नेली असती, सिद्धी हैदराबादलेच नेली असती!"

म्हणजे बघा, हसायच्या आधी नाणं वाचावं लागतं. माझं निम्मं शिक्षण असल्या जाहिरातींवरच झालंय. नुसतं 'चूक आहे' म्हटलं तर आमच्यात कोणी हसत नाही. काय चूक आहे ते सांगावं लागतं.

फोटोंबद्दल तर बोलायलाच नको. सतरंजीवर नाणं, वरून ट्यूबलाइट, त्यात विकणाऱ्याचा अंगठा नाण्यापेक्षा स्पष्ट. खाली लिहिलेलं, 'कंडिशन फोटोप्रमाणे'. एकच बाजू दाखवायची आणि ती पण उलटी. वजन कोणी लिहीत नाही, आणि खरी गोम वजनातच असते. राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा, चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, झिजला तर थोडा उतरतो, पण फारच हलका भरला तर मग ती चांदी नव्हे. शिवाय १८६२ चा रुपया दिसला की 'राणीचा पहिला सिक्का, एकाच वर्षी बनला' असं ठोकून देतात. टांकसाळीत ते १८६२ साल १८७४ पर्यंत तसंच ठेवलं होतं. बारा वर्षं पडत राहिलेला रुपया दुर्मिळ कसा होईल? आणि वर तो चिंच लावून घासलेला. शंभर वर्षांचा काळपटपणा, ज्याचे आम्ही पैसे मोजतो, तो याने मोरीत घालवला आणि वर 'एकदम चकाचक' लिहिलं.

शिवराईच्या, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्याच्या, जाहिरातींना मात्र मला हसू येत नाही, राग येतो. 'खुद्द महाराजांच्या काळातली' म्हणून विकतात ती बहुतेक वेळा दुदांडी शिवराई असते: 'छत्र' आणि 'पति'च्या मधे दोन आडव्या रेघा. ही पेशवाईच्या उत्तरार्धातली, मुबलक मिळणारी. पण घेणारा पोरगा भक्तीने घेतो, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

तसाच तो १८१८ चा रामदरबार. एका बाजूला राम-सीता, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, आणि दावा काय, तर हे नाणं चुंबकासारखं तांदूळ ओढतं! कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही.

पण एक गोष्ट आम्ही पाळतो. दुकानात म्हातारे बाबा वैष्णोदेवीचं दहाचं नाणं पदराला बांधल्यासारखं जपून आणतात. "मोबाइलवर दहा लाख येतीन म्हंते." त्यांना हसायचं नाही. चहा पाजायचा आणि सांगायचं, बाबा, हे दहा रुपयांचं नाणं आहे, दहालाच चालतं. पलीकडचा माणूस 'आधी नोंदणीचे पैसे भरा, टॅक्स भरा' म्हणाला तर फोन ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावानेही हेच चालतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये बँकेनेच जाहीर केलं होतं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि कसलं कमिशनही मागत नाही.

दुसरी एक जाहिरात आली की सगळेच गंभीर होतात: 'शेतात सापडलेली नाणी, पूर्ण गडवा', म्हणजे नाण्यांनी भरलेलं भांडंच. आमच्याच तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला होता. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी तो वाचला, आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी असे राजे, ज्यांची नावंही कोणाला ठाऊक नव्हती, त्या नाण्यांतून बाहेर आले. तो साठा एकेक करून 'हत्तीवाला सिक्का' म्हणून विकला गेला असता तर? १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो, दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला कळवायचं. तो अजून लागू आहे. अशा जाहिरातीखाली मास्तर न चुकता तेवढंच लिहितात.

आता खरं सांगायचं तर, सगळ्याच वाईट जाहिराती आम्ही एकमेकांना पाठवत नाही. मागे कुणीतरी 'राजाचा सिक्का, चांदी, जुना' एवढंच लिहून एक धूसर फोटो टाकला होता. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, सरकारने ते रुपये परत घेऊन पुढच्या वर्षी हत्ती नीट काढला. म्हणून तो 'डुक्कर रुपया', आणि म्हणून तो महाग. ती जाहिरात मी पाहिली, मास्तरांनी पाहिली, कंडक्टरनेही पाहिली असणार. त्या रात्री तिची थट्टा कोणीच केली नाही. पुढे तो रुपया कंडक्टरच्या अल्बमात दिसला. कितीला पडला, ते तो अजून सांगत नाही.