कॅनडात स्वतःच्या नावाचं कोट ऑफ आर्म्स काढलं, त्याचा माझा अनुभव

माझ्या नावाचं कोट ऑफ आर्म्स, म्हणजे ढालीवर काढलेलं अधिकृत ओळखचिन्ह, मंजूर झाल्यापासून इथल्या मराठी मंडळींमध्ये कुठेही भेट झाली की तेच प्रश्न येतात, खर्च किती आला, आपल्यासारख्यांना देतात का, आणि हमखास येणारा म्हणजे "तुमचं माहेर सरदार घराणं का?" नाही हो. कागल तालुक्यातलं साधं शेतकरी घर आहे आमचं, पणजोबांच्या वेळची थोडी जमीन, विहीर आणि बैलजोडी, एवढंच. आणि तरीही हे मिळालं, म्हणूनच सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

आधी एक गैरसमज दूर करते. नेटवर आणि मॉलमध्ये आडनाव सांगितलं की सिंह, तलवार वगैरे असलेली ढाल प्रिंट करून देणारे खूप आहेत, मग वर नाव "फॅमिली क्रेस्ट". तसं काही नसतंच. कोट ऑफ आर्म्स हे आडनावाचं नसतं, एका माणसाचं असतं, त्याच्या नावावर रीतसर दिलेलं, आणि त्याच्याकडून मुलाबाळांकडे जातं. म्हणजे एकाच आडनावाच्या दोन माणसांची दोन वेगळी असू शकतात आणि बाकी हजारोंना काहीच नसतं. एखाद्या पूर्वजाला खरोखर मिळालेलं असेल तर आपण त्याचे वारस आहोत हे कागदांनी सिद्ध करावं लागतं, स्कॉटलंडमध्ये तर १६७२ च्या कायद्याने त्याचं रजिस्टर आहे आणि ते लॉर्ड लायन नावाच्या अधिकाऱ्याच्या कोर्टाकडे असतं, एडिनबरोला. तिथे नोंद नसताना कुणी वापरलं तर केस होऊ शकते. आमच्या पूर्वजांपैकी कुणाला असलं काही मिळालेलं असण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे माझ्यासमोर दुसरा रस्ता होता, नवीन मागायचं आणि त्यात पूर्वजांना बसवायचं.

कॅनडात हे काम कॅनेडियन हेरल्डिक अथॉरिटी करते, ऑटावाला रिडो हॉलमध्ये, म्हणजे गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत. ४ जून १९८८ ला ही सुरू झाली, त्याआधी इथल्या लोकांना लंडनला नाहीतर एडिनबरोला अर्ज करावा लागायचा. तिथल्या अधिकाऱ्यांना हेरल्ड म्हणतात आणि त्यांच्या पदांना कॅनडातल्या नद्यांची वगैरे नावं आहेत, सेंट लॉरेन्स हेरल्ड, साग्ने हेरल्ड, अथाबास्का हेरल्ड अशी. मला हे फार आवडलं, आपल्याकडे कृष्णा हेरल्ड, पंचगंगा हेरल्ड असते तर कसं वाटलं असतं असं मनात आलंच.

अर्ज चीफ हेरल्डच्या नावाने करायचा. मी नागरिक आहे त्यामुळे तो प्रश्न नव्हता. पण इथे हा एक सन्मान मानतात, म्हणजे नुसते पैसे भरले आणि मिळालं असं होत नाही, तुम्ही समाजासाठी काय केलंय ते बघतात. मी नर्स आहे, रविवारची मराठी शाळा बरीच वर्षं चालवतेय, फूड बँकेत जाते, ते सगळं लिहिलं, माझा बायोडेटा दिला, मला ओळखणाऱ्या लोकांची नावं दिली. हे लिहिताना आपल्या लोकांना संकोच वाटतो, आपण कुठे मोठे असं वाटतं, पण मी सांगेन की लिहा, मोकळेपणाने लिहा. कुठलंही मोठं पदक लागत नाही, सातत्याने केलेलं काम लागतं. त्यानंतर थांबणं, बरंच थांबणं, आणि मग मंजुरीचं पत्र आणि माझ्या फाइलवर एक हेरल्ड नेमल्याचं कळलं.

खरं काम तिथून सुरू झालं. त्या हेरल्ड बाईंनी फोनवर पहिल्यांदा विचारलं की तुम्ही कुठून आलात, घरात काय होतं, कशाला मान होता, कुणाची आठवण ठेवायची आहे. वंशावळ द्यायची सक्ती नव्हती, नवीन कोट ऑफ आर्म्स मागताना ती लागत नाही, पण मलाच हवी होती. मग मी गावाकडे आत्तीला फोन लावला. आमच्याकडे कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेळवी येतात हे तिकडच्यांना माहीत असेल, ठरलेली घरं असतात त्यांची, काही वर्षांनी एकदा फिरतीवर येतात, दारात बसून पूर्वजांची नावं पिढीवार वाचून दाखवतात, मूळ गाव कुठलं, कुठून कुठे सरकलं, देवक काय, सगळं, आणि धान्य नाहीतर पैसे घेऊन जातात. आमचे हेळवी काका सुगीनंतर आले तेव्हा आत्तीने व्हिडिओ कॉल लावून दिला आणि मी इथे रात्री जागून ऐकलं. काकांनी वही उघडली आणि एका लयीत नावं सुरू केली, अमक्याचा पोर तमका, त्याला तीन पोरं, त्यातला मधला कागलाकडं आला. अंगावर काटा आला खरंच.

पण एक गोष्ट खटकली आणि आजही खटकते. त्या सगळ्या यादीत बाई एक नाही. माझी आज्जी नाही. आजोबा गेले तेव्हा आज्जी तिशीतही नव्हती, पदरात पाच पोरं, दिवसा दुसऱ्याच्या रानात भांगलण आणि पहाटे लोकांचं दळण, त्या जात्यावर माझे वडील शिकले, त्या शिकण्यावर मी इथपर्यंत आले. ती वहीत नाही. तेव्हाच मी ठरवलं की ढालीवर मधोमध जातं पाहिजे, बाकी काय यायचं ते येऊ दे.

आता ढाल कशी करतात ते सांगते कारण इथे मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. रंगांचा एक जुना नियम आहे. सोनेरी आणि चांदी हे धातू, लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग, आणि रंगावर रंग ठेवायचा नाही, धातूवर धातू ठेवायचा नाही. कारण लांबून दिसलं पाहिजे, मुळात लढाईत माणूस ओळखायला निघालेली गोष्ट आहे ही. मला हवं होतं हिरव्या शेतावर काळं जातं, आपल्या काळ्या दगडाचं, जसं घरी होतं तसं. हेरल्ड बाई म्हणाल्या की काळं आणि हिरवं दोन्ही रंग, दहा फुटांवरून नुसता अंधार दिसेल. त्यांनी हिरव्यावर पांढरं जातं काढून पाठवलं, पांढरं म्हणजे इथे चांदीच धरतात, आणि ते इतकं स्वच्छ उठून दिसलं की मी लगेच हो म्हटलं.

पण मग जातं ओळखू यायचं कसं? चुलतभावाने आज्जीच्या जात्याचे वरून, बाजूने, सगळीकडून फोटो काढून पाठवले. वरून बघितलं तर नुसतं एक वर्तुळ आणि मधे भोक, म्हणजे चाक वाटतं नाहीतर भजीतलं कांद्याचं चकतं. बाजूने काढलं तर दोन भाकऱ्या एकावर एक. पहिल्या स्केचमध्ये खुंटा बरोबर मधोमध उभा होता, आता खुंटा मधे असेल तर जातं फिरणार कसं? मी त्यांना ईमेलवर समजावून सांगितलं की खुंटा कडेला असतो, तिथेच हात धरून ओढतात, दोघी समोरासमोर बसल्या तर दोघींचे हात त्या एकाच खुंट्यावर, आणि मधलं भोक ते तोंड, तिथे मूठमूठ दाणे सोडायचे. त्यांनी ते इतकं मन लावून ऐकलं की पुढच्या स्केचमध्ये जातं थोडं वरून-तिरकं होतं, खुंटा कडेला, तोंड मधे, आणि वरच्या दगडाची झिजलेली कडसुद्धा. आत्तीला पाठवलं तर तिने लगेच ओळखलं, म्हणाली "अगं हे तर आईचं." ऑटावात बसलेल्या माणसाने काढलेलं चित्र कागलात ओळखलं गेलं, माझ्यासाठी परीक्षा तिथेच संपली होती.

जात्याभोवती पाच सोनेरी पानं आहेत. आमचं देवक पंचपालवी, लग्नात पाच झाडांच्या डहाळ्या देवकाला बसवतात ती. देवक हा प्रकार समजावून सांगायला मला वेळ लागला नाही, उलट त्या म्हणाल्या की हे तर आमच्या कामाच्या अगदी जवळचं आहे, घराण्याने जपलेलं चिन्ह. पाचही पानं वेगवेगळी हवीत हा माझा हट्ट होता, पिंपळाचं शेपटीवालं टोक, आंब्याचं लांबट पान, वडाचं रुंद जाडसर, आणि तो त्यांनी मान्य केला. ढालीच्या वर शिरस्त्राण असतं, त्यावर जे येतं, ज्याला क्रेस्ट म्हणतात, तिथे खिलारी बैलाचं डोकं आहे, लांब मागे गेलेल्या शिंगांचं, आणि गळ्यात घुंगुरमाळेच्या जागी लाल मेपलची पानं. खाली पट्टीवर ब्रीद, ते कुठल्याही भाषेत चालतं. २०२१ मध्ये गव्हर्नर जनरल झालेल्या मेरी सायमन यांचं तर इनुक्टिटुट ह्या इनुइट लोकांच्या भाषेत आहे. माझं मराठीत आहे, देवनागरीत, "मातीशी इमान". वडील वारंवार म्हणायचे ते.

घरच्यांपैकी काहींनी अशोकस्तंभाचे सिंह घाला असं सुचवलं होतं. ते करता येत नाही, भारताचं राजचिन्ह कुणी खाजगी वापरायचं नाही असा २००५ चा कायदा आहे, आणि मलाही ते नको होतं, ते देशाचं आहे, माझं नाही. दुसरे एक नातेवाईक म्हणाले हे सगळं इंग्रजांचं खूळ, आपल्याला कशाला. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने आपल्या संस्थानिकांना असलीच चिन्हं असलेली निशाणं वाटली, ती रॉबर्ट टेलर नावाच्या बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधल्या अधिकाऱ्याने बनवली होती, म्हणजे तुमचं चिन्ह काय ते वरून ठरवून देणार. पण त्याच शतकातलं मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय यांचं बघा, ढालीवर घाटाच्या डोंगरामागून उगवणारा सूर्य आणि वर दोन मधमाश्या, क्रेस्टमध्ये गव्हाची लोंबी चोचीत धरलेला मोर. आपला सह्याद्री आहे तो! आणि गोव्यात ओल्ड गोव्याच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चमध्ये तर जमिनीवरच्या थडग्यांच्या दगडांवर कोरलेली अशी चिन्हं पायाखाली येतात. दरबारातली चिन्हं दिली होती सत्तेने, माझ्या ढालीवर काय यायचं ते मी आणि आत्तीने ठरवलं, हा फरक माझ्यासाठी पुरेसा आहे.

आता मुलींबद्दल, कारण खरं तर ह्याच कारणासाठी मी अर्ज केला. जुन्या इंग्रजी पद्धतीत बाईला ढाल मिळत नसे, पत्त्यांतल्या चौकटसारखा आकार मिळायचा, आणि सगळं मुलाकडे जायचं. कॅनडात तसं नाही. इथे बाईला ढाल, शिरस्त्राण, क्रेस्ट सगळं मिळतं, आणि वारसा पहिल्या अपत्याकडे जातो, मुलगा असो की मुलगी. बाकीच्या भावंडांना ओळखीची छोटी खूण जोडतात, त्यात मुलींसाठी मुद्दाम वेगळी मालिका केली आहे, त्यात पत्त्यांतल्या बदामचा आकार आहे, अर्मिन नावाच्या प्राण्याच्या कातडीवरचा ठिपका आहे, हिमकण आहे. मला दोन मुली. दोघींची नावं आईकडून आलेल्या वारशात सरकारी रजिस्टरला लागतील हे फोनवर ऐकलं तेव्हा मी तिथेच रडले.

खर्चाचं म्हणाल तर अर्जाची प्रोसेसिंग फी वेगळी, कच्च्या चित्राचे पैसे वेगळे, शेवटच्या चित्राचे आणि सुलेखनाचे वेगळे, आणि जितकं बारीक काम तितकं महाग. सगळं मिळून काही हजार डॉलर धरूनच चाला. आजचे दर ऑफिसलाच विचारा, बदलत असतात. वेळ वर्षाच्या वर गेला. घाई असलेल्यांनी ह्या वाटेला जाऊ नये, पण मला ते थांबणं जड गेलं नाही कारण मधल्या काळात घरच्या एवढ्या गोष्टी बाहेर आल्या.

शेवटी येतं ते लेटर्स पेटंट, म्हणजे मंजुरीची सनद, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत, रंगवलेल्या चित्रासकट, शिक्क्यानिशी. मंजुरी कॅनडा गॅझेटमध्ये छापून येते आणि चिन्ह सार्वजनिक रजिस्टरमध्ये चढतं, ते कुणीही ऑनलाइन बघू शकतं. एक महत्त्वाचं, खरी किंमत चित्राला नसून त्या शब्दांतल्या वर्णनाला असते, त्याला ब्लेझन म्हणतात. वर्णन पाळून उद्या कोल्हापूरच्या एखाद्या चित्रकाराने आपल्या पद्धतीने नवीन काढलं तरी ते तितकंच माझं अधिकृत चिन्ह. म्हणून मसुदा येईल तेव्हा चित्रापेक्षा ते वर्णन दहादा वाचा, जात्याचा खुंटा कुठे आहे ते त्यात आहे का बघा.

हेळवी काका ह्या खेपेला आले तेव्हा आत्तीने त्यांना प्रिंट दाखवली आणि आज्जीचं नाव वहीत घाला म्हणून बसवून ठेवलं. आधी म्हणाले, तशी रीत नाही. आत्ती म्हणाली, रीत तुमच्या हातातच आहे की. आज्जीचं नाव, आत्तीचं, माझं आणि पोरींचं, एवढी नावं त्यांनी लिहिली, आत्तीने पायलीभर जोंधळे आणि वर साडी दिली.

कुणाला अर्ज करायचा असेल तर एवढं करा, आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला आणि रेकॉर्ड करून ठेवा, वस्तूंचे फोटो सगळ्या बाजूंनी काढून ठेवा, देवक आणि कुलदैवत विचारून घ्या, जुने मोडीतले कागद असतील तर जाणकाराकडून वाचून घ्या. ब्रिटनमध्ये असाल तर लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स, स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर लॉर्ड लायन, कॅनडात असाल तर ऑटावा. आणि पेटंट घरी आलं की चांगलं स्कॅन करून मूळ प्रत ऊन लागणाऱ्या भिंतीवर लावू नका, रंग हाताने भरलेले असतात, उडतात.