टीबी की क्रोन्स: माझा अनुभव

उजवीकडे बेंबीच्या खाली दुखणं, उतरत चाललेलं वजन आणि संध्याकाळची कणकण. कोलोनोस्कोपीत लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला व्रण दिसले. बायोप्सीचा रिपोर्ट आला: ग्रॅन्युलोमा (पेशींच्या बारीक गाठी) आहेत, आतड्याचा टीबी की क्रोन्स, लक्षणांशी ताडून पाहावे. क्रोन्स म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती बिथरून आतड्याला येणारी जुनाट सूज.

आपल्याकडे हा घोळ नेहमीचाच. दोन्ही आजार तीच जागा धरतात आणि व्रणही सारखेच दिसतात. बायोप्सीत टीबीचा जंतू सापडला तर प्रश्न मिटला, पण सापडला नाही म्हणून टीबी नाही असं होत नाही. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. बरिल क्रोन आणि सहकाऱ्यांनी क्रोन्स मांडला, तेव्हा त्यांनाही तो टीबीपासून वेगळा काढून दाखवावा लागला होता. चुकलं तर महागात पडतं: क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारं स्टेरॉइड दिलं आणि निघाला टीबी, तर तो उसळतो.

म्हणून एमआर एन्टरोग्राफी, म्हणजे आतड्याचा एमआरआय. आतडं फुगून राहावं म्हणून मॅनिटॉलचं गोडसर पाणी घोट घोट प्यायचं, लिटरच्या वर. तिसऱ्या ग्लासानंतर नको नको होतं, आणि नंतर संडास गाठायची घाई होते ती वेगळीच. टेबलावर घेतल्यावर आतड्याची हालचाल थांबवायला इंजेक्शन.

मशीन दीड टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक). मी बीएस्सीला क्वांटम शिकवतो. चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉनच्या स्पिनला दोनच पातळ्या, आणि अंगाच्या उष्णतेमुळे खालच्या पातळीत जास्तीचे प्रोटॉन दहा लाखांत जेमतेम पाच. बाकीचे एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात, सगळं चित्र त्या पाचांच्या जिवावर. पोरं मान डोलावतात आणि वहीत उतरवतात. नळीत पडल्यापडल्या मला तो आकडा फारच तुटपुंजा वाटला! (खडखडाटाचा मात्र क्वांटमशी संबंध नाही. चुंबकीय क्षेत्रातल्या कॉइलवर बल लागतं, बारावीचा धडा.) "श्वास सोडा, थांबा" असं कानात ऐकू येत होतं आणि प्रोटॉनना वरच्या पातळीत ढकलणाऱ्या ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी पोटात शिरत होत्या. ब्लॉख आणि पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४६ मध्ये लहरी आणि प्रोटॉन यांचा हा मेळ, म्हणजे अनुनाद, पकडला, तेव्हा कुणाच्या आतड्याचा विचार त्यांच्या डोक्यात नसणार.

चित्रात आतड्याची भिंत जाड दिसली, शेजारच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या. कल क्रोन्सकडे, पण खात्री नाही. मग प्रथेप्रमाणे आधी टीबीची औषधं. निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली, सकाळी उपाशीपोटी गोळ्या सुरू, लघवी केशरी.

हॉस्पिटल मेडिकल कॉलेजचं, त्यामुळे राउंडला विद्यार्थी असायचेच. एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात रुग्णाशी कसं बोलावं याचेही धडे आहेत, त्याला ही मुलं 'एटकॉम' म्हणतात. मला वाटायचं, कागदावरच असेल. पण एका मुलीने आधी विचारलं, "काका, पोट तपासू का?" हात एकमेकांवर चोळून गरम केले, दुखतं ती बाजू शेवटी दाबली आणि माझ्या पोटाकडे नाही, चेहऱ्याकडे बघत राहिली. तिच्या मागच्या मुलाने थेट बोटं खुपसली. शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडमनी त्याला तिथल्या तिथे पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. शिकवणं असंच असावं, असं मला शिक्षक म्हणून वाटलं. रुग्ण म्हणून मात्र पोट दुसऱ्यांदा दाबून घ्यावं लागलं.

दोनेक महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी झाली. व्रण जसेच्या तसे. टीबी असता तर एव्हाना भरत आले असते. त्या गोळ्या बंद झाल्या, क्रोन्सची सुरू झाली. आता अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू आहे, त्यासाठी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरच्या तपासण्या ठरलेल्या. दुखणं कमी झालंय, वजन थोडं भरलंय.

मागच्या वेळी मॅडमनी विचारलं, मुलांच्या परीक्षेला तपासायचा रुग्ण, म्हणजे केस म्हणून बसाल का? हो म्हटलंय. फक्त ११ च्या आत सोडा, माझा तास असतो.