आधी नाव विचार

परळच्या आपल्या शाळेत मी २००० साली पाचवीत आलो. पहिल्याच शनिवारी पटांगणात मोठी मुलं बांबूंना दोर गुंडाळत होती. त्यांतल्या एकाने माझ्यापुढे डावा हात केला. मी उजवा दिला, तर तो म्हणाला, "स्काऊट डावा हात मिळवतो." त्यानंतर दहावीपर्यंत माझे शनिवार शाळेचेच झाले.

स्काऊटच्या पायऱ्या अशा: प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि सर्वांत वर राष्ट्रपती स्काऊट. आमच्या चाळीत हे शब्द कुणाला ठाऊक नव्हते. वडिलांची गिरणी बंद पडली होती, ते रात्रपाळीला वॉचमन म्हणून जात. शिबिराच्या खर्चासाठी मी घरात तोंड उघडलं नाही. आमच्या स्काऊटच्या सरांनी आमच्या संघाला 'खरी कमाई'ला, म्हणजे स्वतः काम करून पैसे मिळवायला, लावलं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वाण्याच्या दुकानात साखर-रव्याच्या पुड्या बांधल्या. सुतळीची गाठ पक्की बसली की वाणीदादा मान डोलवायचे, तेव्हा मला एखादा बॅज मिळाल्यासारखं वाटायचं.

सर भूगोलाचे, पण दर ७ नोव्हेंबरला इतिहास सांगायचे. इंग्रजांच्या काळात सुरुवातीला भारतीय मुलांना स्काऊटमध्ये घेतच नसत. मग पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांच्यासारख्यांनी आपल्या मुलांसाठी वेगळी पथकं उभी केली आणि १९५० साली याच दिवशी वेगवेगळ्या संघटना एक होऊन 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही संघटना झाली. "गळ्यातला स्कार्फ तुम्हाला आयता मिळालेला नाही," असं सांगताना त्यांचा आवाज जड व्हायचा.

राज्य पुरस्कार आठवीत झाला. नववीत, डिसेंबर २००४ मध्ये, राष्ट्रपती स्काऊटचं चाचणी शिबिर होतं. प्रथमोपचारात मी पथकात सगळ्यांत चपळ होतो. समोर एक लहान मुलगा बसवला होता, त्याच्या उजव्या हाताचं हाड मोडलंय असं समजायचं. मी खपच्या लावल्या, पट्ट्या बांधल्या, स्कार्फ उलगडून झोळी केली. मनगट कोपरापेक्षा किंचित वर, गाठ मानेच्या बाजूला खळगीत, तीही रीफ नॉट, म्हणजे चपटी बसते आणि टोचत नाही. सगळं कसं पुस्तकातल्या चित्रासारखं.

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या मुलापाशी उकिडवे बसून त्यांनी विचारलं, "बाळा, कसं वाटतंय?" तो म्हणाला, "बोटांना मुंग्या आल्यात." त्यांनी त्याचं नख दाबून सोडलं. गुलाबी रंग परत यायला फार वेळ लागला. पट्टी आवळली गेली होती. "यानं तुला काही विचारलं का?" मुलाने नकारार्थी मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "याचं नाव काय?" मला माहीत नव्हतं. "पुढच्या वर्षी या."

परतताना लोकलमध्ये मी दारापाशी तोंड फिरवून उभा होतो. सर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. दादर गेल्यावर म्हणाले, "शनिवारी लवकर ये. पाचवीची मुलं तुझ्या ताब्यात."

ते वर्षभर मी पट्ट्या बांधल्या नाहीत, बांधायला शिकवल्या. सरांनी नियम घालून दिला होता: रुग्णाला हात लावण्याआधी त्याचं नाव विचारायचं, कुठे दुखतं विचारायचं, आणि पट्टी बांधून झाल्यावर नख दाबून पुन्हा विचारायचं. बोलणारा रुग्ण शुद्धीवर असतो, त्याचा श्वास चालू असतो, आणि पट्टी कुठे आवळतेय ते त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही. मी स्वतः तासन्‌तास रुग्ण होऊन बसायचो. त्या चिमुकल्या हातांनी माझी बोटं कितीदा बधिर केली, तेव्हा कुठे त्या शिबिरातल्या मुलाला काय झालं असेल ते मला कळलं.

२००५ च्या शिबिरात मी उत्तीर्ण झालो. डॉ. कलाम यांच्या सहीचं प्रमाणपत्र शाळेत पोहोचलं तेव्हा मी दहावी होऊन शाळा सोडली होती. मुख्याध्यापकांनी निरोप धाडून मला प्रार्थनेच्या वेळी बोलावलं. वडील रात्रपाळी संपवून तसेच, वॉचमनच्या गणवेशात आले होते. त्यांनी ते प्रमाणपत्र दोन्ही हातांनी धरलं आणि घरी जाईपर्यंत पिशवीत ठेवू दिलं नाही.

सर निवृत्त झाले, पण शनिवारचं पथक चालू आहे. अमृतमहोत्सवाच्या बैठकीसाठी मी शाळेत आलो, तेव्हा मागच्या पटांगणात पाचवीतली दोन मुलं समोरासमोर बसली होती. दोघं एकाच बाकावरची असावीत. एकाच्या हातात उलगडलेला स्कार्फ होता. बांधायच्या आधी त्याने दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "तुझं नाव काय?"