ठासणीची रायफल, काजळीचं कडं आणि भरकटणारा नेम

रेंजवर पोचलो तेव्हा हवा कोरडी होती आणि वारा जवळपास पडलेला. नेमाची तक्रार तपासायला अशीच हवा हवी. रायफल मित्राची, ठासणीची, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून भरायची. आधुनिक इनलाइन बनावट (प्रायमर नळीच्या सरळ रेषेत मागे), पॉइंट ५० बोअर (नळीचा व्यास अर्धा इंच), नळीतल्या खाचा २८ इंचांत एक फेरा घेणाऱ्या, दारू पेटवायला २०९ जातीचा प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी. बंदुकीची दारू सुटी, काळ्या दारूला पर्याय म्हणून मिळणारी बिनगंधकाची. गोळी प्लॅस्टिकच्या सॅबोत, म्हणजे नळीत घट्ट बसणाऱ्या कपात, बसवलेली. त्याची तक्रार एवढीच होती की पहिले दोन बार छान लागतात, मग रायफल ऐकत नाही.

१०० यार्डांवर कागद लावला. पहिली दोन भोकं एकमेकांना खेटून पडली. तिसरं चार बोटं वर गेलं. "अरे, दुर्बीणच हलली असणार," मित्र म्हणाला. ही शंका रास्तच असते, म्हणून माउंटचे स्क्रू एकेक करून तपासले. सगळे घट्ट होते. खरी खूण मिळाली ती पुढची गोळी ठासताना. पहिली गोळी गजाने, म्हणजे ठासायच्या सळईने, एका दमात तळाशी गेली होती, ही मात्र शेवटच्या दोनेक इंचांवर अडली. गजावरची खूण नळीच्या तोंडाच्या वर राहिली.

या खुणेशिवाय कुणीही रेंजवर जाऊ नये. नळी रिकामी असताना गज तळाला टेकवून नळीच्या तोंडाशी गजावर एक रेघ मारायची, ठरलेली दारू आणि गोळी नीट बसवून दुसरी. पहिल्या रेघेवरून नळी भरलेली आहे की रिकामी ते कळतं, दुसरीवरून गोळी दारूला टेकली की नाही ते. दुसरी रेघ वर राहिली असेल तर बार काढायचा नाही. गोळी आणि दारूमध्ये पोकळी राहिली तर नळी फुगू शकते, फाटूही शकते. ठासताना गज बोटांनी धरावा, तळहात त्याच्या टोकावर ठेवू नये, चेहरा आणि अंग नळीच्या तोंडासमोरून बाजूला असावं.

आम्ही गोळी जोर लावून खाली बसवली, खूण जुळली, बार काढला. तो डावीकडे गेला. त्यानंतर ओलसर चिंधी आत घातली तर गज पुन्हा त्याच जागी अडखळला, दारू बसते तिथून किंचित पुढे. चिंधी बाहेर आली तेव्हा तिच्या कडेला काळ्या, करकरीत खपल्या चिकटल्या होत्या. बिनगंधकाच्या दारूचं कडं म्हणतात ते हेच. बाकी नळी बरीच साफ असते, पण या एका पट्ट्यात कीटण दगडासारखं बसतं. सॅबो तिथून जाताना कधी खरवडला जातो, कधी कमीजास्त दाबाने बसतो, आणि दारू प्रत्येक वेळी वेगळी पेटते. प्रायमर जितका जहाल तितकं हे कडं जाड होतं. म्हणून अशा दारूसाठी सौम्य २०९ प्रायमर मिळतात, तेच वापरावेत.

अस्सल काळ्या दारूत ७५ भाग सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतो. जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून जास्त भाग घन रूपात उरतो. त्यातले पोटॅशियमचे क्षार हवेतलं पाणी ओढतात. म्हणून दमट हवेत काजळी चिकट राहते आणि कोरड्या हवेत टणक होते. सकाळी बरी वाटणारी रायफल दुपारी हट्टी होते, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असतं.

मग आम्ही एकच गोष्ट बदलली. दारू, माप, गोळी सगळं तेच ठेवून प्रत्येक बारानंतर नळी पुसायची. चिंधी ओलसर असावी, निथळती नको. पाणी जास्त झालं तर काळा चिखल ब्रीच प्लगच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या बुचाच्या, छिद्रात जातो आणि पुढचा बार फुसका निघतो. लहान लहान झटके देत तळापर्यंत जायचं, चिंधी उलटून पुन्हा एकदा, शेवटी कोरडी चिंधी. भोकं पुन्हा जवळ येऊ लागली. मित्राने मधे एकदा पुसणं टाळून पाहिलं, तर भोक लगेच वर सरकलं. माझ्या मते नेम बिघडला की लोक फार लवकर नवी गोळी विकत घेतात. आधी प्रत्येक बाराला नळी सारखीच मिळते का, ते पाहावं.

नळीच्या उष्णतेकडेही लक्ष हवं. गरम नळीत सॅबो मऊ पडतो आणि गोळीवरची पकड सोडतो. हाताला नळी कोमट लागली तरी थांबावं. घाई केलेल्या बारावरून काही ठरवू नये.

सुटी दारू मापाने मोजायची आणि माप रायफल व दारू बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेतच ठेवायचं. डब्यातून थेट नळीत कधीच ओतू नये, आत ठिणगी राहिली असेल तर डबाच हातात फुटेल. साध्या काडतुसांतली धूरविरहित दारू तर, बनवणाऱ्याने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय, या रायफलीत घालूच नये. ब्लॅकहॉर्न २०९ ही दुसरी पर्यायी दारू वापरणाऱ्यांना दर बाराला पुसावं लागत नाही, पण तिला जहाल प्रायमर लागतो आणि तिची सफाई पाण्याने न करता सॉल्व्हंटने करावी लागते. सौम्य प्रायमरचा वरचा सल्ला तिला लागू नाही.

बार उशिरा पेटला किंवा पेटलाच नाही, तर नळी निशाण्याकडेच रोखून किमान मिनिटभर थांबा. नंतर ब्रीच प्लगचं छिद्र तपासा, तिथे प्रायमरचा कार्बन साचतो. दिवसाचा पहिला बार भरण्याआधी नळीतलं तेल पुसून, दारू न भरता, सुरक्षित दिशेला गवताजवळ तोंड धरून नुसता प्रायमर उडवा. गवताचं पातं हललं म्हणजे वाट मोकळी आहे.

शिकारीसाठी नेम बसवणार असाल तर पहिला बार साफ नळीतून काढणार की एका बाराने काळवंडलेल्या, हे आधी ठरवा आणि नेम त्याच स्थितीत बसवा. दोन्हींत गोळी वेगळ्या जागी लागू शकते.

घरी आल्यावर सफाई दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. आमच्या दारूला गरम पाणी आणि साबण पुरले. ब्रीच प्लग काढून, आटे ब्रशने घासून, नळी पूर्ण वाळवून तेलाचा पातळ हात दिला आणि प्लगच्या आट्यांना ग्रीस लावून तो परत बसवला. दुसऱ्या दिवशी एक कोरडी चिंधी पुन्हा फिरवा. ती तांबूस निघाली तर सफाई परत करा.