फळीवरचा बर्फ

सिराक्यूजला उतरलो तेव्हा जानेवारीचा दुसरा आठवडा होता. विमानतळावरच भाचीने माझ्या अंगात एक अगडबंब कोट चढवला आणि बजावलं, "मामा, इथं बर्फाबद्दल कुरकुर करायची नाही. किती पडला एवढंच विचारायचं."

गंमत वाटली, पण खरंच तसं आहे. न्यूयॉर्क राज्याच्या या भागात बफेलो, रॉचेस्टर, सिराक्यूज, बिंगहॅमटन आणि ऑल्बनी या शहरांत दर हिवाळ्याला सर्वांत जास्त बर्फ कुठे पडतो याची चुरस असते. तिचं नाव 'गोल्डन स्नोबॉल', आणि बहुतेक वेळा सिराक्यूजच जिंकतं. 1992-93 च्या हिवाळ्यात इथे 192.1 इंच पडला. म्हणजे सोळा फूट! आमच्या वाड्याचं माळवद बुडालं असतं.

हे आकडे येतात कुठून? काही सरकारी केंद्रांतून येतात, पण बरेचसे लोकांच्या परसातून. भाचीच्या शेजारचे एक निवृत्त शिक्षक (मी त्यांना मनातल्या मनात मास्तर म्हणायचो) रोज सकाळी सात वाजता मोजपट्टी घेऊन तिच्या परसात हजर. त्यांच्या परसात मोठाले मेपल, म्हणून फळी हिच्याकडे ठेवलेली. दोन बाय दोन फुटांचा प्लायवुडचा तुकडा, उन्हाने तापू नये म्हणून पांढरा रंगवलेला. बर्फाखाली सापडावा म्हणून शेजारी झेंडी. याला ते स्नोबोर्ड म्हणतात. घसरायचा तो वेगळा.

शेजारी खांबावर चार इंच व्यासाचा पर्जन्यमापक. हिवाळ्यात त्यातलं नरसाळं आणि आतली नळी काढून ठेवतात. बाहेरच्या नळकांड्यात साचलेला बर्फ घरात आणायचा, त्यात मोजून कोमट पाणी ओतायचं, वितळला की एकूण पाणी मोजायचं आणि ओतलेलं वजा करायचं. ढोबळ हिशेब दहा इंच बर्फाला एक इंच पाणी. पण सरोवरावरून येणारा बर्फ पिंजलेल्या कापसासारखा, तिथे वीस इंचालाही कधी एक इंच भरत नाही. आकडा जातो 'कोकोराझ' नावाच्या हौशी निरीक्षकांच्या जाळ्याकडे. 1997 च्या जुलैत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला पूर आला. शहराच्या एका टोकाला ढगफुटी आणि दुसरीकडे त्या मानाने किरकोळ पाऊस. एवढा फरक टिपायला मोजणारे पुरेसे नव्हते, म्हणून पुढच्या वर्षी हे सुरू झालं.

मला हे सगळं घरचं वाटलं. माझे वडील गगनबावड्याच्या कचेरीत कारकून होते. रोज साडेआठला पर्जन्यमापकाशी जायचे, पावसाळ्यात छत्री धरून. तेव्हा मलाही यातलं कळतं, असा माझा समज झाला. तोच नडला.

संध्याकाळी मास्तरांनी अंदाज समजावला. कॅनडाकडून येणारी गार हवा ऑन्टारियो सरोवराच्या उबदार पाण्यावरून वाहते, वाफ उचलते आणि पलीकडे बर्फ ओतते. पाणी आणि दीड किलोमीटर उंचीवरची हवा यांच्या तापमानात तेरा अंश सेल्सिअसचा फरक पडला, की हे लोक सावरून बसतात. ईरी सरोवर उथळ, ते गोठलं की कारखाना बंद. ऑन्टारियो खोल आहे, सहसा गोठत नाही. बाकी सगळा खेळ वाऱ्याचा. नीट पश्चिमेचा राहिला तर बर्फाचा पट्टा उत्तरेला टग हिलच्या पठारावर जातो, वायव्येकडे वळला की सिराक्यूजवर. "आज वळेल," मास्तर म्हणाले.

वळला. माझी झोप अजून कोल्हापूरच्या वेळेवर, पहाटे तीनला टक्क जागा. बाहेर धो धो म्हणावा असा बर्फ, पण आवाज नाही. कोट चढवला, दाराशी टांगलेली मोजपट्टी घेतली, फळीवर टेकवली. 4.6 इंच. फळी स्वच्छ पुसली, आकडा कागदावर लिहिला आणि फुशारकीत झोपलो.

सातला मास्तर आले. फळीवर 3.8. मी कागद पुढे केला, "एकूण 8.4!" ते काही बोलले नाहीत. भाचीच्या गाडीचा टप आदल्या संध्याकाळी झाडलेला होता, तिथे पट्टी टेकवून दाखवली. 7.3. बर्फ स्वतःच्याच वजनाने दबतो, त्यामुळे मधेमधे पुसून बेरीज केली की आकडा फुगतो. मग 7.3 लिहा, मी म्हणालो. "गाडी म्हणजे फळी नव्हे." बर्फाच्या रकान्यात त्यांनी 'उपलब्ध नाही' असं भरलं. पर्जन्यमापकाला मी हात लावला नव्हता, तेवढं पाणी नोंदवलं. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दोन दिवसांनी तेच मला टग हिलला घेऊन गेले. पुलास्कीवरून रेडफील्डकडे चढताना दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती. इथल्या हूकर गावात 1976-77 साली 466.9 इंच पडला होता. आणखी पुढे माँटेग्यू. 11-12 जानेवारी 1997 ला इथल्या एका स्वयंसेवकाने चोवीस तासांत 77 इंच मोजला. देशाचा विक्रम मोडला होता. कोलोरॅडोतल्या सिल्व्हर लेकचा 1921 चा, 75.8 इंचांचा. मग समिती बसली. मोजमापं सहा निघाली, नियम चोवीस तासांत फार तर चारचा, दोहोंत निदान सहा तासांचं अंतर. विक्रम नामंजूर.

"बर्फ मात्र पडला होता," मास्तर गाडीची काच पुसत म्हणाले. मी काचेबाहेर बघत राहिलो. त्या माणसाची बाजू मला कोणी समजावून सांगायला नको होती.

निघायच्या दिवशी लख्ख ऊन. रात्रभर काहीच पडलं नव्हतं. तरी सातला मास्तर आले, कोरड्या फळीकडे वाकून पाहिलं आणि 0.0 भरलं. बाबांच्या वहीतही मार्चचा अख्खा महिना शून्यांचा असायचा. मी खिडकीतूनच हात हलवला. फळीपासून चार हात लांब राहायचं, असं भाचीशी ठरलं होतं.